सासूबाई सॉल्ट लेकमध्येच राहत होत्या, याचा पुरावा

माझ्या सासूबाईंचं लग्न, संसार सगळं अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत झालं. त्या स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. शेजारच्या नेवाडात १९५१ ते १९६२ या काळात अमेरिकेने शंभरच्या आसपास अणुस्फोट जमिनीवर आणि हवेत केले. त्यांची धूळ वाऱ्याने युटावर आली, कुरणांत पडली, गाईंच्या दुधातून घराघरांत गेली. तरी या धुळीने आजारी पडलेल्यांसाठीच्या १९९० च्या भरपाई कायद्यात, २००० च्या दुरुस्तीनंतरही, युटाचे दक्षिणेकडचे दहाच जिल्हे होते! जुलै २०२५ मध्ये अख्खं राज्य आलं, भरपाई एक लाख डॉलर झाली आणि आम्ही अर्ज करायला घेतला.

किरणोत्सर्गामुळेच कर्करोग झाला हे सिद्ध करावं लागत नाही, ही या कायद्यातली मोठी माणुसकी. यादीतला आजार हवा आणि अणुस्फोटांच्या काळात किमान एक वर्ष तिथे राहिल्याचा पुरावा हवा. आजाराचं लवकर जमलं. हॉस्पिटलने जुन्या फायली नष्ट केल्या होत्या, पण राज्याच्या कर्करोग नोंदणीत १९६६ पासूनच्या नोंदी आहेत. तिथे त्यांचं नाव सापडलं.

राहण्याच्या पुराव्याने मात्र दम काढला. आपल्याकडे निदान तलाठ्याकडे रहिवासी दाखला मागता येतो. इथे भाड्याचं घर, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. बाईच्या नावाचा कागदच नाही. शेवटी ग्रंथालयात शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांची नावं-पत्ते छापलेली पुस्तकं, चाळल्या. १९५७ च्या पानावर बारीक टाइपात सासऱ्यांचं नाव, पुढे कंसात सासूबाईंचं, मग मशिनिस्ट आणि घराचा पत्ता. पुढच्या वर्षीही तेच. मला रडूच आलं. जोडीला चर्चमधली कुटुंबाची नोंद मिळाली.

एका वकिलाने वीस टक्के मागितले. देऊ नका. पहिल्या अर्जाला दोन टक्क्यांच्या वर फी घेणं कायद्यातच बसत नाही. जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले प्रमाणित प्रतीच लागतात, साध्या झेरॉक्स चालत नाहीत. जोडीदार हयात नसेल तर रक्कम सगळ्या मुलांत सारखी वाटली जाते, म्हणून प्रत्येकाचे कागद जोडावे लागतात.

आमचा अर्ज वॉशिंग्टनला न्याय खात्याकडे गेला आहे. मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. आता नणंदेची फाइल करतेय. तिचा जन्म १९५७ चा, त्याच घरातला, आणि तिला थायरॉइडचा कर्करोग होऊन गेलाय. तिचा पुरावा शोधताना तीच डिरेक्टरी पुन्हा उपयोगी पडेल.