सिम्को सरोवरावर गरवायला: बर्फातल्या एका दिवसाचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

"पाणी खंय आसा रे?" गाडीतून उतरल्यावर बाबांनी पहिलं हेच विचारलं. सकाळचे साडेसहा वाजले होते, तापमान उणे १४. जॅक्सन्स पॉइंटच्या धक्क्यावर आम्ही चौघं उभे होतो: बाबा, मेहुणा, अकरा वर्षांची भाची आणि मी. समोर क्षितिजापर्यंत पांढरं माळरान पसरलं होतं. पाणी त्याच्याखाली होतं.

बाबांनी देवगडच्या खाडीत पन्नास वर्षं गरी टाकली आहे. फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी ते आमच्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला आले, आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीत उभे राहून "हंयचे लोक मासे कसे मारतत?" म्हणाले. त्यांना नायगारा दाखवण्याआधी सिम्को दाखवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

टोरांटोहून ४०४ महामार्गाने उत्तरेला निघालं, की सुमारे तासाभरात हे सरोवर लागतं. विस्तार ७२२ चौरस किलोमीटर, सर्वाधिक खोली ४१ मीटर. वरचं पाणी गोठलं तरी मासे जगतात, कारण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. ते पाणी तळाशी बसतं, त्याहून गार पाणी वर येऊन गोठतं आणि वरचा बर्फ गोधडीसारखा खालची ऊब धरून ठेवतो. हे भाचीने बाबांना सांगितलं. शाळेत नुकतंच झालं होतं.

आता बर्फाबद्दल. नव्याने जाणारा मासा कुठे लागेल, आमिष कोणतं लावायचं, हे विचारत बसतो. आधी विचारायचं ते बर्फाचं. स्वच्छ, निळसर, पारदर्शक आणि नवा बर्फ किमान १० सेंटीमीटर जाड असेल तर माणसाने चालावं. स्नोमोबाइलला (हिमावर चालणाऱ्या स्कूटरला) त्याच्या दुप्पट धरा, मोटारीला ३० सेंटीमीटरच्या वर. पांढरा, दुधाळ बर्फ हिम भिजून पुन्हा गोठल्यामुळे बनतो. त्याची ताकद निळ्या बर्फाच्या निम्मी असते, म्हणून तिथे हे सगळे आकडे दुप्पट करायचे. करडा, काळपट, भुसभुशीत बर्फ म्हणजे आत पाणी शिरलेलं आहे. त्यावर पाय ठेवायचा नाही, जाडी कितीही भरली तरी. आणि एका जागी मोजलेली जाडी पन्नास पावलांवर खरी असेलच असं नाही. ओढ्याचं तोंड, धक्क्याचे खांब, पाण्याचा प्रवाह आणि हिमाचा जाड ढीग यांच्या जवळ बर्फ पातळ राहतो.

म्हणून पहिल्या खेपेला स्वतःचं डोकं लावू नका. सिम्कोच्या काठी झोपड्या भाड्याने देणारे लोक आहेत, त्यांना हट ऑपरेटर म्हणतात. ते रोज बर्फ मोजतात, तुम्हाला स्नोमोबाइलने किंवा पट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या बॉम्बार्डिए गाडीने झोपडीपर्यंत नेतात, भोकं पाडून देतात, संध्याकाळी परत आणतात. आमच्या माणसाने त्या दिवशी नेहमीची वाट सोडून अर्धा किलोमीटरचा वळसा घेतला. आदल्या रात्री वारा फिरला होता आणि एका जागी बर्फाचे दोन तुकडे एकमेकांवर रेटून लांबच लांब भेग पडली होती. आमच्या डोळ्यांना तिथे फक्त हिमाचा उंचवटा दिसत होता. ओळखीच्यांचा नुसता सल्ला घेऊन आम्ही चालत निघालो असतो तर सरळ त्या उंचवट्याकडेच गेलो असतो. त्या वळशासाठी दिलेलं भाडं मला अजिबात जास्त वाटलं नाही.

बर्फ आवाज करतो, हेही आधी सांगून ठेवतो. लांबून तोफ उडाल्यासारखा किंवा तार छेडल्यासारखा आवाज पायाखालून जातो. भाची रडकुंडीला आली, बाबांनी माझा दंड धरला. थंडी वाढली की बर्फ आखडतो, ऊन लागलं की पसरतो, त्यातून हा आवाज निघतो. जाड बर्फावर त्याला घाबरायचं कारण नाही. पण बरोबरच्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना काठावरच सांगा, मधे नको.

आणि ऊबदार हिवाळ्यात हट्ट धरू नका. २०२३-२४ मध्ये बर्फ नीट धरलाच नाही, आमचंही आरक्षण रद्द झालं. तेव्हा मी चिडलो होतो. आज त्या माणसाचे आभार मानावेसे वाटतात.

गळ्यात बर्फाचे टोचे अडकवा. दोरीने जोडलेल्या दोन लाकडी मुठी असतात, त्यांना खिळ्यासारखी टोकं. बर्फ फुटून आत पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळायचा, कारण गारठ्याने धाप लागते. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. तेवढ्यात ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करायचं, टोचे रोवायचे, पाय झाडत पोटावर वर यायचं आणि उभं न राहता गडगडत दूर जायचं. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, म्हणजे वेळ असतो, हे लक्षात ठेवलं की माणूस घाबरून हात सोडत नाही. भाचीने घरी गालिच्यावर हे चारदा करून पाहिलं होतं. तुम्हीही करा.

परवान्याचं थोडक्यात. ऑंटेरियो प्रांतात (सिम्को तिथेच आहे) मासे पकडायला आउटडोअर्स कार्ड हे प्रांताचं ओळखपत्र आणि परवाना लागतो. फक्त एका दिवसाचा परवाना घेतला तर कार्ड लागत नाही. कॅनडात राहणाऱ्या अठराच्या आतल्या मुलांना आणि ज्येष्ठांना परवाना विकत घ्यावा लागत नाही. पण भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना ही सवलत लागू नाही. वय सत्तरीच्या पुढे असलं तरी त्यांच्यासाठी अनिवासींचा परवाना काढायचा. याच ठिकाणी आपल्यातले बरेच जण चुकतात. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवार-सोमवारी कॅनडातल्या रहिवाशांना विनापरवाना मासेमारी करता येते, ती सूटही भेटीला आलेल्यांना लागू नाही. शिवाय त्या तीन दिवसांत झोपडी मिळणं कठीण. आम्ही मंगळवारी गेलो. नियम दरवर्षी नव्याने छापले जातात, सिम्को मासेमारीच्या विभाग १६ मध्ये येतं, ते पान निघायच्या आधी वाचा.

झोपडी म्हणजे पत्र्याची किंवा प्लायवुडची खोली, दोन बाजूंना बाकडी, जमिनीत भोकं, कोपऱ्यात गॅसची शेगडी. आत इतकी ऊब होती की बाबांनी कानटोपी काढली. पण त्या शेगडीमुळेच माणसं दगावतात. हवा यायचा झरोका पूर्ण बंद करू नका आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारा छोटा भोंगा खिशातून न्या, झोपडीत असला तरी आपला न्या. बायकामाणसं असतील तर बर्फावर शौचालय आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा. सगळीकडे नसतं.

आता गरवणं. आमची झोपडी सुमारे आठ मीटर पाण्यावर होती, ही जागा पिवळ्या पर्च नावाच्या माशाची. हातभर लांबीची काठी, बारीक तंगूस (नायलॉनची दोरी), चकाकणारं शिसं, त्याच्या टोकाला आमिष म्हणून जिवंत मिनो, म्हणजे छोटा मासा. बर्फातून माणशी दोन गळ टाकता येतात, पण दोन्ही सतत नजरेसमोर हवेत. शिसं तळाला टेकवायचं, वीतभर वर घ्यायचं, हलकेच उचलायचं, थांबायचं. मेहुण्याने सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातला मासा दाखवणारं यंत्र, लावलं होतं. त्याच्या पडद्यावर मासा येताना दिसायचा आणि तो घाईने झटका द्यायचा. तासाभरात त्याला एकच लागला.

बाबांनी काठी बाजूला ठेवली आणि तंगूस सरळ तर्जनीवर घेतला, खाडीत घेतात तसा. "घाई करू नको. माशाक घेव दे." पर्च आधी नुसतं चाचपतो, दोरी जड होण्याऐवजी क्षणभर हलकी होते, तेव्हाच ओढायचं. हे त्यांनी तिसऱ्या माशातच ओळखलं. दुपारपर्यंत त्यांचे एकोणीस झाले होते. हिरवट सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. पाठीचे काटे टोचतात, पकडताना डोक्याकडून मागे हात फिरवा. माणशी मर्यादा स्पोर्ट (पूर्ण मर्यादेच्या) परवान्यावर ५० आणि कॉन्झर्वेशन (कमी मर्यादेच्या) परवान्यावर २५. आम्ही पंचवीसवर थांबलो, चौघांना तेवढे पुरतात. खूप खोल पाण्यातून पर्च काढून सोडू नका. त्याला पोटातली हवा पटकन सोडता येत नाही, सोडलेला मासाही मरतो. खोल पाण्यातल्या लेक ट्राउटला ती सोडता येते.

ट्राउटसाठी दुपारनंतर खोल जागी गेलो. एकच लागला, त्याचा एक पर कापलेला होता. कापलेला पर म्हणजे पिलू असताना सरकारी केंद्रातून सोडलेला मासा. शेतांतून आणि गावांतून आलेल्या फॉस्फरसमुळे शेवाळ माजलं, ते कुजताना तळाचा प्राणवायू कमी झाला आणि ट्राउटची नैसर्गिक पैदास कोसळली. २००८ मध्ये या सरोवरासाठी स्वतंत्र कायदा झाला. बाबांनी त्या माशाला दोन्ही हातांनी पाण्यात परत सोडलं. ओल्या हातांनी, आणि पटकन, नाहीतर उघड्या हवेत कल्ले गोठतात.

कपड्यांत पायांवर खर्च करा. लोकरीचे मोजे दोन जोड, सुती एकही नको, जीन्सही नको. मी हातमोज्यांचा एकच जोड नेला, तो पहिल्या माशालाच भिजला आणि बोटं दोन दिवस बधिर होती. तीन जोड न्या.

उरलेले मिनो आणि बादलीतलं पाणी बर्फावर किंवा काठावर ओतू नका. एका पाण्यातले जीव दुसऱ्यात जातात, आणि ते बेकायदाही आहे. मासे घरापर्यंत अख्खे आणा, म्हणजे वाटेत तपासणी झाली तर जात आणि संख्या मोजता येते. पर्चचे खवले चिवट असतात, कातडं काढून बाजूचे तुकडे घ्या. आम्ही आगळ, हळद, मालवणी मसाला लावून तांदळाच्या पिठात तळले. चव गोडसर, काटा नाही. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी किती खावं, याचे सरोवरानुसार आकडे प्रांताच्या मासे-मार्गदर्शिकेत आहेत, ते बघून घ्या.

पुढच्या रविवारी बाबांना उत्तरेला ओरिलियाजवळ अॅथरलीच्या चिंचोळ्या पाण्याकडे नेलं. तिथे तळात लाकडी खुंट रोवून मासे वळवायची मूळनिवासींची जुनी रचना आहे, त्यातले काही खुंट सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे. १६१५ मध्ये शांप्लेन या फ्रेंच शोधप्रवाशाने ती वापरात असलेली पाहिली. हिवाळ्यात खुंट दिसत नाहीत. बाबा तरी बराच वेळ काठावर उभे राहिले, आपल्या खाडीत खुंट मारून जाळं लावतात त्याबद्दल बोलत होते. भाची पुढे सरकली तशी त्यांनी तिचा हात धरला आणि मधल्या काळपट पट्ट्याकडे बोट केलं, जिथे खालून प्रवाह वाहत होता.

"हंय पाय ठेवचो नाय."