धुपदाळला एका पोरीनं मला झापलं त्याची गोष्ट

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचा धबधबा, झुलता पूल, तिथली करदंट मिठाई सगळं पहिल्याच दिवशी उरकलं. फेब्रुवारीत धबधब्याला असून असून पाणी किती असणार, सोडा.

दुसऱ्या दिवशी मामेभावाला घेऊन धुपदाळला गेलो, घटप्रभा स्टेशनापासून जवळच आहे. बंधाऱ्यामागं पाणी पसरून जी बेटं आणि दलदल झाल्या ते 1974 पासून पक्षी अभयारण्य आहे. काठावर कुठल्यातरी कन्नड शाळेची पोरं आलेली, एक मास्तर आणि वीसेक पोरांत मिळून एक दुर्बीण. समोर उथळ पाण्यात कांड्या करकोचे, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा, पण मोबाईलमध्ये नुसते ठिपके दिसायलेत. मी भावाला म्हटलं, "टाळी वाजव की रे, उडाले तर फोटो झकास येतोय." त्यानं तर दगडच उचलला.

"ब्याडरी मामा!" म्हणजे नको हो मामा.

सातवी-आठवीतली पोरगी. पुढचं तिचं कन्नड इतकं फास्ट की भावानंच मला सांगितलं, हे पक्षी मंगोलियाकडनं येतात, सकाळी शेतात सांडलेलं धान्य खाऊन दुपारी पाण्यात विसाव्याला येतात, उगाच उडवलं की खाल्लेलं सगळं उडण्यातच जातंय. तुमच्या घरी लांबनं आलेला पाहुणा झोपला तर टाळ्या वाजवता काय, असंही विचारली म्हणे. मास्तर गालात हसत उभे. ते निपाणीकडं नोकरी केलेले, मराठी चांगलं बोलत होते. म्हणाले, हिचा बाप हरभऱ्यावर पक्षी बसतात म्हणून फटाके लावायचा, ही घरात भांडभांड भांडली तेव्हा बंद केला. मास्तरांनी बापाला एक शब्द सांगितला नव्हता, नुसतं पोरांना वर्षातनं चार वेळा इथं आणून बसवायचं, एवढंच.

निघताना पोरगीनं विचारलं, तुमच्या गावात येतात काय पक्षी?

"येतात की," म्हटलं मी.

आमचं शेत बेळगावातल्या वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याकडंला. पावसाळ्यात नाला फुगला की भात पाण्याखाली, म्हणून सगळे वैतागलेले, पण लहानपणी तिथं बगळे आणि पाणकोंबड्या मोजायचा आमचा खेळच होता. गेल्या वर्षी काकानं शेतात मुरूम टाकला आणि प्लॉटचा रेट काढायला मीच एजंटाकडं गेलो होतो.

परतीच्या गाडीत भाऊ बराच वेळ गप्प. पाच्छापूर गेल्यावर म्हणतोय, "मुरमावर कुठले पक्षी येतात रे?"