राणी रंग

मूर्तीचे जोडलेले हात मनगटापासून निखळून पायथ्याशी पडले होते. मराठवाड्यातल्या एका कॅथलिक कॉलेजच्या आवारात काळ्या दगडाची उथळ गुहा आहे, आत लूर्डमाता, म्हणजे मदर मेरी, उभी असते. पांढरा झगा, निळा कमरपट्टा, दोन्ही पावलांवर पिवळे गुलाब. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, रोज संध्याकाळी इथे माणसं जमतात. नेमक्या त्याच दिवसांत हे झालं, आणि ‘कुणीतरी मुद्दाम तोडले’ ही कुजबुज मी पोहोचण्याआधीच गावात फिरून आली होती.

जुन्या बांधकामांची आणि पुतळ्यांची दुरुस्ती हे माझं काम. फादर म्हणाले, “दुरुस्तीचं नंतर बघू. आधी तुटले कशामुळं ते सांगा.” आमच्या धंद्यात असं विचारणारी माणसं कमी भेटतात.

फ्रान्समधल्या लूर्ड गावी 1858 साली बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला अठरा वेळा मेरीचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. तिच्या वर्णनावरून फाबिश या शिल्पकाराने केलेली मूर्ती 1864 मध्ये तिथल्या गुहेत बसली. ती कॅरारा संगमरवराची, एकसंध दगडाची. आपल्याकडच्या कितीतरी प्रती मात्र सिमेंटच्या असतात, आणि सिमेंटच्या पोटात लोखंड असतं. जोडलेले हात अंगापासून पुढे आलेले, त्यात बोटाएवढी सळई आणि वर जेमतेम अर्धा इंच सिमेंटचा थर.

तुटलेला भाग बघताच मला अंदाज आला. कडेने तांबूस गंज होता, सळई खाऊन बारीक झाली होती. हातोडीने कोपरापर्यंत ठोकत गेलो, तर ठिकठिकाणी भद्द आवाज, म्हणजे आतून सिमेंट सुटलेलं. ऑइलपेंटचे थर इतके जाड की बोटांमधल्या फटी बुजलेल्या. पण माझ्या अंदाजाने गावातली कुजबुज थांबणार नव्हती. लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

मी मनगटाचा एक टवका छिन्नीने ताजा फोडला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे सिमेंट तपासायचं रसायन फवारलं. मधला भाग क्षणात राणी रंगाचा झाला. कडेचा पट्टा, जिथे सळई होती, तो बिनरंगाचाच राहिला.

मागून आवाज आला, “साहेब, माईला रगत आलं का हो?”

आवार झाडणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी क्रूसाची खूण केली, गुडघे टेकले. दोन मुलींनी मोबाईल बाहेर काढले. फादरांचा चेहरा उतरला, ते हळूच म्हणाले, “हिरवी जाळी लावून घेऊ का?” मला ते पटलं नाही. जाळी लावली असती तर ‘मुद्दाम तोडले’च्या जोडीला ‘रक्त आलं’ हेही गावभर झालं असतं. मी म्हटलं, “फादर, केमिस्ट्रीच्या मॅडमना बोलवा.”

मॅडमनी जे केलं ते मी पुढे प्रत्येक कामावर करत आलो आहे. चंचुपात्रात चुन्याची निवळी, त्यात माझ्या बाटलीतले दोन थेंब. तोच राणी रंग. मग त्यांनी मावशींच्या हातात स्ट्रॉ दिली. “फुंका. ओढू नका हं, नुसतं फुंका.” मावशी फुंकत राहिल्या. पाणी गढूळ झालं, रंग फिका पडत पडत गेला.

“माझ्या श्वासानं गेला?”

“श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं. तोच हवेतही असतो.”

पुढचं मी सांगितलं. सिमेंटमध्ये चुन्याचा अल्कधर्मीपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, आहे तोवर सळई सुरक्षित असते. हवा वर्षानुवर्षं आत मुरत जाते, तो गुण मरतो आणि रंग धरत नाही. हवा सळईपर्यंत पोहोचली, वर पाऊस लागला, की लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापट जागा मागतो. आतून फुगून तो सिमेंट फोडतो. त्याला कुणाचा हात लागावा लागत नाही.

मावशी उठल्या, मूर्तीजवळ गेल्या आणि तुटलेल्या मनगटातली सळई बोटाने चाचपून बघितली. बोटाला लागलेला गंज त्यांनी जमलेल्या सगळ्यांना दाखवला. माझ्या अहवालापेक्षा त्या बोटाचं गावात जास्त ऐकलं गेलं.

नवे हात स्टेनलेस स्टीलच्या सळईवर, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने, केले. ऑक्टोबरचं ऊन मॉर्टरचं पाणी भराभर ओढतं, म्हणून ओली गोणपाटं गुंडाळून ठेवायला लागली. दिवसातून चार वेळा ती भिजवायचं काम होस्टेलच्या मुलांनी वाटून घेतलं. ऑइलपेंट मी लावू दिला नाही. त्याला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. यावर सजावट समितीशी बराच वाद झाला, कारण त्यांना चकाकी हवी होती. फादर माझ्या बाजूने उभे राहिले.

मॅडमनी मात्र माझी बाटली ठेवून घेतली. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. मुलांनी होस्टेलच्या पाण्याच्या टाकीखालच्या खांबांचे टवके तपासले होते आणि दोन खांबांत सळईपर्यंत कुठेच रंग आला नव्हता. मी त्यांना टाकी अर्धीच भरायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकूचं सामान घेऊन निघालो.