पौषातली वारी : सिन्नर ते त्र्यंबकेश्वर

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तिच्या आधीच्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातील गावोगावच्या दिंड्या पायी वाटेला लागतात. गेल्या वर्षी मी सिन्नरहून निघालेल्या एका लहान दिंडीबरोबर हे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर चार दिवसांत चाललो. भिशीचे, म्हणजे दिंडीच्या सामाईक वर्गणीचे, 300 रुपये दिले, त्यात सामानाचा टेम्पो आणि शिधा दोन्ही आले. वाटेतल्या चहापाण्यासह माझा सारा खर्च 500 रुपयांच्या आत राहिला, कारण दुपारची पंगत बहुतेक ठिकाणी कुणा ना कुणा गावकऱ्याने आधीच बोललेली असे.

आषाढी वारीत पावसाची काळजी असते; पौषात सगळी कसोटी थंडीची. मोहदरी घाट उतरून पहिला मुक्काम पळशाला पडला. मी उघड्यावर ताडपत्री अंथरली आणि दोन ब्लँकेटे पांघरली, तरी मध्यरात्रीपर्यंत पाठ गारठून गेली आणि पांघरुणाचा वरचा पदर दवाने ओला झाला. शेजारी झोपलेल्या सत्तरीच्या विणेकरी बाबांनी मला उठवले. ‘‘माउली, थंडी जमिनीतून येते. दोन पांघरण्यापेक्षा एक खाली घ्या, आणि छपराखाली या,’’ असे म्हणत त्यांनी मंदिराच्या सभामंडपात आपल्या पेंढ्यावर मला जागा करून दिली. त्यानंतरच्या दोन्ही रात्री मी आधी पेंढा, त्यावर ताडपत्री आणि मग घोंगडी असाच बिछाना केला आणि काकड्यापर्यंत गाढ झोपलो. मुक्कामी चालून जाणाऱ्याने सामानात काय घ्यावे, असे मला कुणी विचारले तर घोंगडीचे नाव मी सर्वांत आधी घेईन.

नाशिक शहरातून जाताना वाहनांच्या गर्दीमुळे अभंगाची लय वारंवार तुटत होती, त्या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सातपूर मागे पडल्यावर मात्र चाल पुन्हा एका ठेक्यात आली. तिसऱ्या मुक्कामी, अंजनेरीच्या पायथ्याशी, हरिपाठ संपल्यावर एका मावशींनी मिठाच्या कोमट पाण्याची घमेली सर्वांपुढे फिरवली आणि ज्यांच्या तळव्यांना फोड आले होते त्यांचे पाय स्वतः धुतले. मी संकोचून पाय मागे घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘उद्या नाथांच्या दारी जायचंय, दुखरा पाय कशाला न्यायचा?’’

एकादशीच्या पहाटे, वद्य पक्षाची बारीक कोर पूर्वेला असताना, आम्ही उरलेली वाट चालू लागलो. उजाडता उजाडता समोर ब्रह्मगिरी दिसला. याच डोंगरातील गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि तोच पुढे त्यांनी धाकट्या ज्ञानदेवांना दिला, अशी परंपरा आहे. विणेकरी बाबा क्षणभर थांबले, वीणा तशीच गळ्यात ठेवून त्यांनी रस्त्यावरच डोके टेकवले. समाधीच्या दर्शनाची रांग फार लांब गेली होती, म्हणून आमच्या दिंडीने कळसाचे दर्शन घेतले. मी त्या गर्दीतच माझी घोंगडी घडी करून बाबांच्या वळकटीत ठेवली, कारण त्यांना अजून परत पायीच जायचे होते.