कंट्रोलच्या अंड्यांनी केलेला घोटाळा

लॅबमध्ये मी नवीनच होते तेव्हाची गोष्ट. काम काय, तर अंडी. हॅचरीतून फलित अंडी आणून इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, तिसऱ्या दिवशी कवचाला छोटी खिडकी पाडून वर टेप लावायची, आठव्या दिवशी आतल्या पडद्यावर औषध लावलेली चकती ठेवायची आणि 48 तासांनी तिच्याभोवतीचं रक्तवाहिन्यांचं जाळं विरळ झालं का ते बघायचं. नवीन वाहिन्या मिळाल्या नाहीत तर कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे फारशी वाढू शकत नाही, हे अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. पुढे बोस्टनच्या त्यांच्या लॅबमध्ये पेशींच्या डिशला बुरशी लागली आणि तिच्यातून वाहिन्या रोखणारं फ्युमॅजिलिन सापडलं. (आमच्याकडे बुरशी लागली की फक्त बोलणी बसतात.)

माझ्याकडे औषध म्हणून कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य. आणि मी सांगलीची, बाबांची हळदीची अडत, त्यामुळे घरी माझ्यापेक्षा उत्साह जास्त.

दहाव्या दिवशी सकाळी पहिली खिडकी उघडली तर चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ, वाहिन्या कडेकडेने वळून गेलेल्या, दुसऱ्यात पण तेच, तिसऱ्यात पण. मला राहवेना, तिथूनच बाबांना फोन लावला. मग कंट्रोलची उघडली, ज्यात कर्क्युमिन नाहीच, नुसतं इथेनॉल. तिथेही तेच वर्तुळ! एकात तर पिल्लूच मेलेलं.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हणून इथेनॉलमध्ये घेतलेलं, आणि पडद्यावर ठेवण्याआधी घाईत मी चकत्या नीट वाळवल्याच नव्हत्या. ओल्या इथेनॉलनेच पडदा भाजला होता. मॅडमनी खिडकीतून वाकून बघितलं आणि विचारलं, "मग आता पेपरात हळद लिहायची की दारू?"

बाबांना परत फोन केला, तर म्हणाले, "अगं, मी ग्रुपवर टाकलं की!"

पुढच्या बॅचला चकत्या रात्रभर वाळवल्या. कंट्रोल ठणठणीत, आणि मोठ्या डोसला जाळं खरंच विरळ. पण तो डोस थेट पडद्यावर ठेवलेला. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं, शिवाय हळदीत ते असतंच दोन-पाच टक्के, हे बाबांना मी दोनदा समजावलं.

आठवड्याने मिरजेच्या मावशीचा मेसेज आला, कुठून तरी फिरत आलेला: पुण्याच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय, रोज सकाळी दोन चमचे.