छपराला गटर?

घराला गटर बसवतोय, असं सांगितल्यावर व्हिडिओ कॉलवर बाबा दोन क्षण गप्प. मग बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या पडवीतून आवाज आला, "छपराला? गटर रस्त्याकडंला असतंय लेका. पन्हळ म्हण की!"

तर पन्हळ. अमेरिकेतल्या पोर्टलंडमधलं आमचं घर १९२० च्या सुमाराचं, लाकडी. वासे भिंतीबाहेर दोन फूट आलेले आणि टोकं उघडी. या धाटणीच्या बंगल्यांची तीच ऐट. आपल्याकडं कुठल्याही कौलारू घराला हे असतंच, पण इथं येणारे-जाणारे मान वर करून कौतुक करतात आणि मीही जरा छाती फुगवून घेतो.

पंचाईत पन्हळीची. हल्लीच्या घरांना वाशांच्या तोंडावर आडवी फळी असते, पन्हळ तिलाच ठोकतात. आमच्याकडं फळीच नाही. तीन कंत्राटदार आले, तिघांचं एकच पालुपद: आधी फळी मारू. अरे, ज्या टोकांवर भाळून घर घेतलं, कर्जाचे हप्ते फेडतोय, तीच झाकू? शिवाय फळीमागं ओल धरली की वासा कुजणार, आणि ते कळणार फळी काढल्यावर. एकानं तर मी नको नको म्हणत असताना फळीसकटच कोटेशन पाठवलं. थेट टोकांवर ठोकावी, तर ती उताराला काटकोनात कापलेली, तोंड खाली झुकलेलं. सपाट पाठीची पन्हळ तिथं पुढं कलंडणार; दर वाशाला पाचर मारत बसा. त्यात लाकडाच्या कापल्या तोंडात स्क्रू नीट धरत नाही. पाणी मात्र ते घटाघटा पितं.

हे सगळं तावातावानं बाबांना सांगत होतो. त्यांनी न बोलता फोन वर फिरवला. पडवीची वळचण. वाशाच्या कुशीला ठोकलेली लोखंडी पट्टी, पुढं अर्धगोल वाकवलेली, तिच्यात पत्र्याची पन्हळ. तोंडाला नाही, कुशीला! त्याच पट्ट्यांखाली बसून मी एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, अभ्यास केलाय.

तसल्याच पट्ट्या इथं विकत मिळाल्या, अर्धगोल पन्हळीसकट. किंमत ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात आमचा लोहार अख्खं गाव करून देईल." दोन फुटांवर वासा, दर वाशाला पट्टी. उतार १० फुटांना पाव इंच, म्हणजे आमच्या ३० फुटी वळचणीला पाऊण इंच. पण शंभर वर्षांचं छप्पर मधे झोल खाल्लेलं. वाशांच्या भरवशावर गेलो असतो तर पाणी मधेच तुंबलं असतं. मी गवंड्यासारखी पारदर्शक नळी पाण्यानं भरली, दोन टोकांना खुणा केल्या, मधे दोरी मारली. शेजारच्या आजोबांनी लेझर आणून तपासलं. जुळलं. (हे लिहायलाच पाहिजे होतं.) पाणी पन्हळीमागून वाशांवर ओघळू नये म्हणून छपराच्या कडेखाली पत्र्याची पट्टीही सरकवली, आणि टोकांना रंगाचे तीन हात. बाबांचं मत काजूच्या टरफलाच्या तेलाला. ते इथं आणायचं कुठून?

इथं वर्षभरात पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढा आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला एकट्या आषाढात पडत असेल. पण आपला कोसळून मोकळा होतो, हा ऑक्टोबरपासून मेपर्यंत भुरभुरतो, लाकडाला वाळू देत नाही. म्हणून एवढा खटाटोप. नाहीतर गावाकडं पश्चिमेचे दोन वासे दोन वर्षं कुजलेले असताना इथं का खर्च करतोय, असं कुणालाही वाटेल. पैसे पाठवतो म्हटलंय. मिस्त्री मिळत नाही असं बाबाच सांगतात.

परवा पहिला पाऊस लागला. बाबांना फोन केला.

"पाऊस पडायलाय म्हणतोस, पागोळ्यांचा आवाज कुठाय?"

पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या कोपऱ्यातल्या नळाला फोन लावून धरला. आत खळखळ चाललेली.

"हां. मग मेमध्ये येतोस न्हवं? ते दोन वासे बघून घेऊया."

येतो म्हटलं. तिकीट अजून काढलेलं नाही.