प्रभागरचनेवर हरकत घेताय? आधी प्रगणक गट शोधा

महापालिका निवडणुकीसाठी प्रारूप प्रभागरचना, म्हणजे प्रभागांच्या सीमांचा मसुदा, जाहीर झाली की नाशिकच्या विभागीय कार्यालयांत हरकती येऊन पडतात. ‘आमची वसाहत तोडली’, ‘जुना प्रभागच कायम ठेवा’, ‘हे राजकीय हेतूने केलंय’. यातल्या बऱ्याच हरकतींमागची तक्रार खरी असते आणि तरीही त्या सुनावणीत टिकत नाहीत. अधिकाऱ्याला नकाशा बदलायचा तर आकडा लागतो, आणि तो हरकतीत नसतो.

आकडे कुठून येतात ते पाहू. महापालिका अधिनियमानुसार १२ ते २४ लाख लोकसंख्येच्या शहराला किमान ११५ नगरसेवक मिळतात आणि १२ लाखांवरच्या दर ४० हजारांमागे एक वाढतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. वरच्या २ लाख ८६ हजारांना ४० हजारांनी भागलं की सात येतात, म्हणून १२२ जागा. मध्यंतरी कायद्यात बदल करून हा आकडा १३३ वर नेला होता, तो पुन्हा खाली आला. एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडायचे असतात. १२२ ला चारने भाग जात नाही, म्हणून २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे, एकूण ३१.

एका नगरसेवकामागे सरासरी १२,१८० लोक येतात. चारच्या प्रभागाची सरासरी सुमारे ४८,७२०. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण ४३,८५० ते ५३,५९०. तीनच्या प्रभागाची सरासरी ३६,५४०. हे आकडे हरकत लिहिताना शेजारी असू द्यावेत.

आता प्रगणक गट. जनगणनेत एका प्रगणकाला नेमून दिलेला घरांचा तुकडा म्हणजे गट. त्यात साधारण सहाशे-आठशे माणसं असतात. प्रभाग या गटांचा बनतो आणि गट शक्यतो फोडायचा नसतो. त्यामुळे ‘आमची गल्ली पलीकडे द्या’ असं म्हणून भागत नाही. ती गल्ली ज्या गटात आहे तो अख्खा गट हलतो, सोबत मागची दोन-तीन गल्ल्यांची घरंही.

समजा तुमच्या प्रभागाची लोकसंख्या ४५,००० आहे आणि पाच गट शेजारी द्यावेत अशी तुमची मागणी आहे. प्रत्येकी ७०० धरले तर ३,५०० गेले, उरले ४१,५००. किमान मर्यादा ओलांडली, हरकत बाद. तेच पाच गट देऊन दुसऱ्या बाजूचे पाच घ्या असं सुचवलंत, दोन्ही प्रभागांची आधीची आणि नंतरची लोकसंख्या लिहिलीत, तर त्यावर निदान विचार करावा लागतो. अनुसूचित जाती आणि जमातींचे आकडेही त्याच तक्त्यात द्या. या आरक्षणाचे प्रभाग त्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात, त्यामुळे गट हलला की क्रम बदलू शकतो. हा परिणाम लपवलेली हरकत संशयास्पद वाटते.

रचना उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपते, क्रमांकही तसेच पडतात. म्हणून मधल्या प्रभागात मोठा बदल मागितला की त्याचा धक्का पुढच्या प्रभागांना बसतो. मागणी दोन शेजाऱ्यांपुरती ठेवलेली बरी.

सर्वांत भक्कम मुद्दा नैसर्गिक सीमेचा. नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग धरून सीमा आखायच्या असतात. गोदावरी, नासर्डी, वालदेवी, वाघाडी, मुंबई-आग्रा महामार्ग, नाशिकरोडची रेल्वेलाइन, यांपैकी एखादी गोष्ट प्रभागाच्या पोटातून जात असेल आणि पलीकडे जायला जवळ पूल नसेल, तर तो फोटोंसह मांडा. उड्डाणपुलाचा मुद्दा मात्र जपून वापरा, कारण खालून रोजची ये-जा असते.

जो मुद्दा सगळ्यांना सुचतो तो चालत नाही: ‘आता इथे दुप्पट वस्ती आहे.’ पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोड, सगळीकडे हे खरं आहे. २०११ मध्ये ज्या गटात शेतं होती तिथे आज इमारती उभ्या आहेत. कागदावर समान असलेले प्रभाग प्रत्यक्षात समान नाहीत, आणि मला हा नाशिककरांवरचा मोठा अन्याय वाटतो. पण कायदा शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा मानतो, म्हणून जानेवारी २०२६ चं मतदानही त्याच जुन्या आकड्यांवर झालं. यावर उपाय २०२७ च्या जनगणनेत आहे. नव्या सोसायट्यांनी आपली प्रत्येक इमारत, प्रत्येक विंग मोजली गेली का याची खात्री करावी. पुढची रचना त्याच गटांवर उभी राहील.

मतदारयादीची हरकत वेगळी असते, ती सीमेच्या हरकतीत मिसळू नका. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली या विधानसभा याद्या फोडून प्रभागाच्या याद्या बनतात. यादीचा भाग आणि प्रगणक गट यांच्या कडा जुळत नाहीत, त्यामुळे सीमेवरच्या इमारती हमखास चुकीच्या प्रभागात जातात. इथे नवीन नाव नोंदवता येत नाही, प्रभाग मात्र दुरुस्त होतो. सोसायटीने एकत्र अर्ज करावा: मतदाराचं नाव, विधानसभा यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, इमारतीचा पत्ता, आणि अंतिम अधिसूचनेतली त्या बाजूच्या सीमेची ओळ जशीच्या तशी. मुदतीत द्यावा आणि पोच घ्यावी.